दावणीला बांधलेलं मशीन

सोलापूरहून तुळजापूरकडे निघालात की तामलवाडीचा टोलनाका लागतो. तिथंच गावात माझं दुकान आहे. पाटीवर वर्षानुवर्षं तीन ओळी होत्या: फोटो स्टुडिओ, लग्नाचे अल्बम, फ्लेक्स-बॅनर. चौथी ओळ मी मागाहून रंगवून घेतली, 'आर्ट प्रिंट'. गावातल्या लोकांना ती कळत नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. पण बार्शीचा, लातूरचा, उमरग्याचा एखादा फोटोग्राफर अधूनमधून फोन करतो, "दादा, मोठा प्रिंटर घ्यायचाय, कुठला घेऊ?" मी अर्धा तास बोलतो, तो 'हो हो' म्हणतो आणि पंधरा दिवसांनी कळतं, की गड्यानं ऑफर बघून भलतंच काहीतरी उचललं. म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय. मी कुठं कुठं आपटलो तेही यात आहे.

१. फ्लेक्सच्या मशीनवर फोटोचा बोर्ड होतो

दरवर्षी आश्विन पौर्णिमेला आमच्या रस्त्यावर पायी चालणाऱ्यांची रीघ लागते. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की तुळजाभवानी पलंगावर निद्रेला जाते आणि पौर्णिमेला परत सिंहासनावर बसते. त्या दर्शनाला सोलापूर, अक्कलकोट, विजापूर, गुलबर्ग्याकडून माणसं रात्रंदिवस चालत येतात. मी दरवर्षी त्यांचे फोटो काढतो. एका पहाटे चहाच्या मांडवात टेकलेल्या एका म्हाताऱ्या बाईच्या पायांचा फोटो मिळाला. टाचांना भेगा, भेगांत रस्त्याची धूळ, एका अंगठ्याला गुंडाळलेली चिंधी आणि घोट्यावर दवानं ओला झालेला लुगड्याचा काठ. तो फोटो मला सहा फुटी हवा होता. फ्लेक्सचं मशीन घरचंच, म्हणून रात्री लावला.

सकाळी बघतो तर भेगा गायब. धुळीचा चिखल झालेला आणि टाचा रबराच्या दिसायला लागलेल्या.

यात फ्लेक्सच्या मशीनचा दोष नाही. रस्त्यानं जाणाऱ्यानं वीस फुटांवरून 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' वाचावं, यासाठी ते बनलंय. त्यात साधारण चारच कलर: सायन, मजेंटा, पिवळा, काळा. फिकी छटा आणायची तर त्याच गडद शाईचे ठिपके लांब लांब टाकावे लागतात आणि जवळ गेलं की ठिपकेच दिसतात. फोटोच्या मशीनला आठ, दहा, बारा कलर असतात. फिका सायन, फिका मजेंटा, दोन करडे, चकचकीत कागदाचा काळा वेगळा आणि मॅट कागदाचा काळा वेगळा. म्हातारीच्या टाचेवरची धूळ त्या दोन करड्या शायांत असते. हे कळायला मला एक फ्लेक्स वाया घालवावा लागला. तो आता दुकानामागच्या पत्र्यावर ताडपत्री म्हणून आहे आणि पावसाळ्यात उत्तम काम देतो.

२. मशीन बघायच्या आधी महिन्याचे प्रिंट मोजा

सगळ्यात जास्त वेळ मी या कलमावर घालवतो आणि सगळ्यात कमी ऐकलं जातं तेही हेच.

२४ × ३६ इंचांचा एक प्रिंट म्हणजे ६ स्क्वेअर फूट. स्क्वेअर फुटाला ढोबळ एक ते दीड मिली शाई धरा, म्हणजे एका प्रिंटला ६ ते ९ मिली. महिन्याला बारा-तेरा प्रिंट निघाले तर शंभर मिलीच्या आसपास शाई जाते. आता समोरचं मशीन बारा कलरचं, कार्ट्रिज १६० मिलीचं. बारा कार्ट्रिज मिळून १,९२० मिली. म्हणजे एक सेट दीड वर्षाच्या वर पुरणार. ऐकायला छान वाटतं. पण कार्ट्रिज एकदा मशीनमध्ये बसवलं की सहा महिन्यांत संपवा, असं कंपन्या सांगतात. तुमची शाई वापरून संपण्याआधी पडून म्हातारी होणार. वर, मशीन बंद पडू नये म्हणून ते स्वतःच अधूनमधून हेड धुतं आणि ती शाई मेंटेनन्स टँकमध्ये जाते. म्हणजे तुम्ही प्रिंट काढा किंवा काढू नका, खर्च चालूच.

पहिल्या सेटच्या भरवशावर तर हिशोब मांडूच नका. नव्या मशीनसोबत आलेल्या शाईतला मोठा वाटा पहिल्याच दिवशी नळ्या भरण्यात जातो आणि काही मॉडेलांत सोबतची कार्ट्रिज मुळात कमी भरलेली असतात. माझ्या एका मित्रानं मशीन बसवलं, पाच प्रिंट काढले आणि स्क्रीनवर शाईच्या पट्ट्या निम्म्यावर आलेल्या बघून मला रात्री दहा वाजता फोन केला. त्याला वाटलं मशीन गळतंय.

माझं मत स्पष्ट आहे. महिन्याला मोठे दहा प्रिंटही निघत नसतील तर मशीन घेऊ नका. पुण्या-मुंबईत चांगल्या प्रिंट लॅब आहेत. फाइल पाठवा, नळकांड्यात गुंडाळून प्रिंट येतो. दहा-बाराच्या वर कायम काम असेल तर पुढं वाचा.

३. रुंदीचा मोह

फोटोची मशीनं साधारण तीन मापांत येतात: १७ इंची, २४ इंची आणि ४४ इंची. १७ इंची टेबलावर बसतं. २४ इंचीला स्टँड लागतो. ४४ इंची घ्यायचं तर एक खोलीच त्याच्या नावावर करावी लागते.

मी पहिलं घेतलं ते ४४ इंची, तेही जुनं. एका मोठ्या शहरातला स्टुडिओ बंद होत होता, किंमत नव्याच्या चौथाईपेक्षा कमी. मोबाईलवर व्हिडिओ बघितला, मशीन चालताना दिसलं, पैसे पाठवले. टेम्पोत घालताना ते आडवं-तिरकं ठेवलं गेलं. असल्या मशीनच्या नळ्यांत शाई भरलेली असते. हलवण्याआधी ती काढून घ्यायची किंवा निदान हेड लॉक करून मशीन सपाट ठेवायचं, हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. ना विकणाऱ्यानं सांगितलं, ना मी विचारलं. तामलवाडीत टेम्पोचं फाळकं उघडलं तर एका कोपऱ्यातून किरमिजी ओघळ.

शंभर किलोच्या वरचं धूड, चार माणसं लावली आणि आतल्या खोलीच्या दारात अडकलं. दार अडीच फुटी. शेवटी सुताराला बोलावून चौकट काढली. घरातले वडीलधारे आबा ओट्यावर बसून सगळं बघत होते. मशीन आत गेल्यावर त्यांनी विचारलं, "दूध किती देती?"

दूध कसलं, नोझल चेक काढला तर फिक्या मजेंटाच्या रेघा निम्म्या तुटलेल्या. नोझल चेक म्हणजे प्रत्येक कलरच्या बारीक पायऱ्या-पायऱ्यांच्या रेघा. एकही रेघ तुटलेली नसावी. तुटकी असेल तर फोटोत आडवा पट्टा येतो, त्याला आम्ही बँडिंग म्हणतो. मी हेड धुवायची कमांड दिली. परत नोझल चेक, परत तुटक. मग जोरदार धुणं. आठवडाभरात तीन कार्ट्रिज धुण्यात गेली, मेंटेनन्स टँक भरला, रेघा तशाच. आबा एक दिवस म्हणाले, "दूध देत न्हाई तर रोज वैरण कशाला टाकायलास?" नव्या हेडचा भाव विचारला, तर मशीनला जेवढे मोजले होते त्याच्या निम्म्याच्या वर. तिथं मी थांबलो. त्या मशीनचा स्टँड अजून दुकानात आहे, त्यावर कागदाचे रोल ठेवतो.

जुनं मशीन घेऊच नये, असं मी म्हणत नाही. समोर उभं राहून नोझल चेक काढायला लावा, एक मोठा प्रिंट काढा आणि परत नोझल चेक काढा. मशीनमधून स्टेटसचा कागद काढता येतो, त्यात आजवरचं छापलेलं माप दिसतं. शेवटचा प्रिंट कधी निघाला ते विचारा. 'सहा महिने बंदच आहे, अगदी नव्यासारखं' असं कुणी सांगितलं तर चहा पिऊन परत या.

आणि रुंदी? २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची फाइल ६००० × ४००० ठिपक्यांची. इंचाला ३०० धरले तर २० × १३ इंच. ३६ इंच लांब केला तर इंचाला १६६ ठिपके उरतात. भिंतीवर चार फुटांवरून बघायला ते पुरतात, नाक लावून बघायला पुरत नाहीत. ४४ इंचांचा प्रिंट वर्षात दोनदा लागतो, तो मी बाहेरून काढून आणतो. आता माझ्याकडे २४ इंची आहे.

एक गंमत सांगतो. आमचा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि निजामाचे दरबारी फोटोग्राफर होते राजा दीनदयाळ. त्या काळी मोठा फोटो हवा असेल तर तेवढीच मोठी काच कॅमेऱ्यात घालावी लागायची, कारण काचेवर कागद ठेवून उन्हात जसाच्या तसा छापायचा. म्हणजे प्रिंटच्या मापाचा कॅमेरा वाहून न्यायचा. आपण चौकट काढायला लागली म्हणून कुरकुरतो.

४. डाय की पिगमेंट

हे कलम छोटं आहे, कारण यात वाद नाही. टिकाऊ प्रिंट हवा तर पिगमेंट. डाय शाई पाण्यात साखर विरघळावी तशी विरघळलेली असते, कागदात मुरते, झगझगीत दिसते आणि उजेडात लवकर उडते. पिगमेंटचे कण कागदावर बसतात आणि तग धरतात.

या धंद्याची सुरुवातच डाय वापरण्याच्या चुकीपासून झाली. ग्रॅहम नॅश हा गायक, त्यानं १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात 'नॅश एडिशन्स' नावाची प्रिंटची पेढी काढली. मशीन होतं आयरिस ३०४७, किंमत १,२६,००० डॉलर, मुळात छापखान्यात प्रूफ काढण्यासाठी बनवलेलं. प्रूफला वर्षभर टिकायची गरज नसते, म्हणून शाई कच्ची. सुरुवातीचे प्रिंट उडायला लागले तेव्हा सगळ्यांची झोप उडाली. त्याच पेढीवरच्या जॅक डुगाननं या प्रिंटला 'झिक्ले' हा फ्रेंच शब्द चिकटवला, म्हणजे फवारलेलं. आपल्याकडे काही जण त्याला 'गिकली' म्हणतात आणि दर दुप्पट लावतात. ते मशीन आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. दोनशे वर्षं टिकेल वगैरे आकडे सांगितले जातात, ते प्रयोगशाळेत प्रखर दिव्याखाली ठेवून काढलेले अंदाज आहेत. काचेमागं, उन्हाबाहेर ठेवलात तर नातवंडं बघतील, एवढं मी गिऱ्हाइकाला सांगतो. नातवंडांनी तक्रार केली तर ऐकायला मी नसणार.

५. हेड कुठल्या जातीचं आहे ते विचारा

दुकानदार तुम्हाला कलर किती, डीपीआय किती हे सांगेल. तुम्ही हेडचं विचारा.

एप्सन शुअरकलरच्या मशीनमध्ये पिएझो हेड असतं. विजेच्या इशाऱ्यानं आतला एक पडदा हलतो आणि थेंब बाहेर पडतो. हे हेड मशीनच्या आयुष्यभरासाठी म्हणून बसवलेलं असतं. नीट वापरलं तर वर्षानुवर्षं चालतं, पण गेलं तर बदलायला इंजिनिअर आणि मोठी रक्कम लागते. कॅनन इमेजप्रोग्राफ आणि एचपी डिझाइनजेटमध्ये थर्मल हेड. शाई क्षणभर तापवून बुडबुड्यानं थेंब ढकलायचा. हे हेड झिजतं, ते धरूनच चालायचं, पण झाकण उघडून स्वतः बदलता येतं. कॅननच्या बारा कलरच्या हेडमध्ये १८,४३२ नोझल आहेत. काही तुंबली तर शेजारची नोझल त्यांचं काम उचलतात.

माझा अनुभव म्हणजे माझा अनुभव, तो कायदा नव्हे. रोज प्रिंट निघणाऱ्या शहरी लॅबला पिएझो उत्तम. आमच्यासारख्या ठिकाणी, जिथं लग्नसराईत मे महिनाभर आर्ट प्रिंटकडे बघायला वेळ नसतो, तिथं स्वतः बदलता येणारं हेड रात्रीची झोप लावतं.

कुठलंही असो, आठवड्यातून एकदा तरी सगळे कलर वापरणारा छोटा प्रिंट काढाच. मी दर सोमवारी ए-फोरचा काढतो. गेल्या दोन वर्षांत आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पोराचा फोटो त्यात होऊन गेला. दुसऱ्यांदा नंबर लागलाय आता.

६. ऊन, धूळ आणि लाइट

माहितीपत्रकातलं मशीन पांढऱ्याशुभ्र खोलीत उभं असतं. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर जातो आणि हवा पापडासारखी कोरडी. मॅन्युअलमध्ये खोलीच्या तापमानाची वरची मर्यादा ३० किंवा ३५ अंश दिलेली असते. म्हणजे एसी धरूनच बजेट करा. एसीनं हवा आणखी कोरडी होते, मग शाई हेडवर सुकते आणि कागद कडेनं वळतो. मी ओलावा मोजायचं छोटं घड्याळ भिंतीला लावलंय. काटा चाळिसाच्या खाली गेला की ह्युमिडिफायर चालू. कूलर लावायचा मोह होईल, लावू नका. तो रस्त्यावरची धूळ ओढून थेट मशीनच्या तोंडात टाकतो.

पावसाळ्यात उलटं. सुती कागद ओल धरून फुगतो आणि त्याची कड हेडला घासते. घासली की प्रिंट गेला आणि कधी हेडही.

लाइटचं तर काय सांगायचं! प्रिंट अर्ध्यावर असताना लाइट गेली की हेड जिथं आहे तिथंच थांबतं, उघडं. एरवी काम संपलं की ते बाजूला जाऊन रबराच्या टोपीखाली बसतं, म्हणून सुकत नाही. उघडं राहिलं आणि लाइट चार तास आली नाही तर समजून जा. तेव्हा यूपीएस मशीनच्या किमतीतच धरा. अर्ध्या तासाचा पुरतो, चालू प्रिंट संपवून हेड टोपीखाली जाईपर्यंत. दुकान बंद करताना भिंतीवरचं बटन दाबून मशीन बंद करायची सवय असेल तर मोडा. आधी मशीनचं स्वतःचं बटन. माझ्याकडच्या पोराला हे सांगून सांगून दमलो, शेवटी भिंतीवरच्या बटनावर खोक्याची चिकटपट्टी मारली.

७. कागद

नवशिक्याचा सगळा जीव मशीनमध्ये असतो. बघणाऱ्याच्या हातात येतो तो कागद.

मी एक प्रयोग केला. पुण्यात १९४० पासून हातकागदाची संस्था आहे, तिथला सुंदर जाड कागद मला माहीत होता. वाटलं, आपल्या मातीतला फोटो आपल्या कागदावर. कागद घातला, प्रिंट काढला. काळा रंग राखेसारखा आला आणि कडा पसरल्या. कारण साधं आहे: तो कागद लिहायला, चित्राला, लग्नपत्रिकेला बनलेला आहे, त्यावर शाई धरून ठेवणारा लेप नसतो. शाई धाग्यांत शिरते आणि हरवते. शिवाय सुटे धागे हेडखाली गेले, ते चिमट्यानं काढत बसलो. ज्या कागदावर 'इंकजेट' असं स्पष्ट लिहिलं नाही, तो मशीनमध्ये घालू नका.

आता मी मुख्यतः दोन कागद वापरतो. एक शंभर टक्के सुती, मॅट, ३०८ जीएसएमचा. १५८४ पासून चालू असलेल्या हानेम्यूले या जर्मन गिरणीचा 'फोटो रॅग' या जातीत नावाजलेला आहे. दुसरा बरायटा, जुन्या डार्करूमच्या कागदासारखा मंद चमकीचा. फरक कळायला एकच फोटो दोन्हींवर काढून बघा. माझ्याकडे तुळजापूरच्या भेंडोळीचा फोटो आहे. दिवाळीत रात्री पेटत्या पलित्यांचा दांडा खांद्यावर घेऊन माणसं अरुंद गल्लीतून धावत जातात. ज्वाळा सोडल्या तर सगळा फोटो काळा. मॅटवर तो काळा मऊ आला, काजळीसारखा, आणि ज्वाळा विझल्यासारख्या वाटल्या. बरायटावर काळा विहिरीसारखा खोल गेला आणि आगीची धग लागली. म्हातारीचे पाय मात्र बरायटावर साफ फसले, टाचा ओल्या दिसायला लागल्या. त्या मॅटवरच.

कागद घेताना एक स्वस्त परीक्षा. नोटा तपासायची निळी टॉर्च असते ना, ती कागदावर मारा. कागद निळसर चमकला तर त्यात पांढरेपणासाठी घातलेली रसायनं आहेत. ती काळानं मावळतात आणि कागद पिवळा पडतो. कॅलेंडरला चालेल, संग्राहकाला देऊ नका. सुती कागद मुळात थोडा दुधाळ असतो. गिऱ्हाईक म्हणेल, "हा मळका का दिसतोय?" त्याच्यासमोर टॉर्च मारायची.

रोल घेताना हिशोब करा. २४ इंची, १२ मीटरचा रोल म्हणजे ३९ फूट, ३६ इंचांचे जेमतेम तेरा प्रिंट. एक चुकला की तेराव्या हिश्श्याचे पैसे गेले. तेव्हा आधी रोलच्या कडेला चार इंची पट्टी काढून बघा, मग पूर्ण. आणि कागद हाताळताना सुती हातमोजे. घामाचा अंगठा मॅट कागदावर उठला की तो तिथंच राहतो.

८. कुंकवाचा लाल

स्क्रीनवर दिसतं ते कागदावर येत नाही, ही तक्रार घेऊन माझ्याकडे सगळ्यात जास्त लोक येतात. निम्म्या वेळा स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवलेला असतो, म्हणून प्रिंट काळवंडतो. कॅलिब्रेटर नावाचं यंत्र स्क्रीनवर लटकवून रंग ठरवून घ्या. लग्नाचे अल्बम करणाऱ्यालाही ते उपयोगी आहे.

मग प्रोफाइल. प्रत्येक मशीन-कागदाच्या जोडीची एक छोटी फाइल असते, कुठला रंग किती शाईनं येईल ते सांगणारी. कागदवाली कंपनी ती फुकट देते. फोटोशॉपमध्ये तिच्यातून आधी बघून घेता येतं, कुठले रंग त्या कागदावर येणारच नाहीत. आमच्या भागातल्या फोटोंत नेमके तेच रंग असतात. मळवटाचं कुंकू, परडीतली हळद. मॅट कागदावर तो लाल विटकरी होतो. म्हणून मशीन घेताना मी कलरची यादी वाचतो. काहींत जादा लाल आणि निळा असतो, काहींत केशरी, हिरवा, जांभळा. दुकानात नमुना म्हणून हिमालय आणि पोपट दाखवतात. पेन ड्राइव्हमध्ये आपला फोटो घेऊन जा आणि म्हणा, हा काढून दाखवा. मी कवड्यांची माळ घातलेल्या एका आराधिणीचा फोटो नेला होता. एका ठिकाणी तिचा चेहरा आपोआप उजळून आला. 'स्किन टोन सुधारतो' म्हणाले. तिचा रंग सुधारायचं कुणाला काही कारण नव्हतं. तिथून मी उठलो.

त्याच बाईंना नंतर प्रिंट नेऊन दिला. त्यांनी भिंतीला टेकवला आणि फोटोतल्या परडीला हळदी-कुंकवाची बोटं लावली. मॅट सुती कागद, डाग कायमचा. माझा जीव वरखाली झाला. त्या म्हणाल्या, "आता पुरा झाला." तेव्हापासून घरात द्यायचा प्रिंट मी काचेत घालूनच देतो आणि कुठं टांगणार ते आधी विचारतो.

९. इंजिनिअर कुठून येतो?

कोटेशनवर हा प्रश्न पेनानं लिहा आणि उत्तर लिहून घ्या. सोलापुरात असेल तर दुपारपर्यंत येतो. पुण्याहून यायचा असेल तर अडीचशे किलोमीटर, त्याचा दिवस आणि तुमचा आठवडा. वॉरंटीत हेड धरलंय का, १८ टक्के जीएसटी किमतीत आहे की वर, शाईचा सेट एकगठ्ठा घ्यावा लागतो की सुटं कार्ट्रिज मिळतं, हेही त्याच कागदावर. माझ्या मशीनच्या कंपनीचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. तुमच्या भागात ज्या कंपनीचा माणूस उचललेल्या फोनला जागतो, ती तुमची कंपनी.

कर्जासाठी मुद्रा योजनेच्या 'किशोर' गटात ५ लाखांपर्यंत मिळतं. अर्जात आर्ट फोटोग्राफी लिहिलंत तर समोरचा साहेब चष्म्यावरून बघतो. 'छपाई व्यवसाय' लिहा, ते खोटंही नाही.

१०. विकत कोण घेतं?

आपल्याकडे फोटो भिंतीवर लावायचा तो गेलेल्या माणसाचा किंवा देवाचा, अशी रीत आहे. तिसऱ्या फोटोसाठी पैसे द्यायला माणूस हळूहळू तयार होतो. संदेश भंडारे यांनी तमाशाचे आणि वारीचे फोटो काढले, सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे काढले, ते लोकांनी पुस्तकांत आणि प्रदर्शनांत बघितले, म्हणून एवढी तरी वाट झाली. माझे प्रिंट जास्त करून जातात ते हॉटेलांना, दवाखान्यांना आणि गाव सोडून पुण्यात फ्लॅट घेतलेल्यांना. नळदुर्गचा पाणीमहाल, पावसाळ्यात नर-मादी धबधबे सुरू असतानाचा, हा आतापर्यंत सगळ्यात जास्त गेलेला फोटो. म्हातारीचे पाय दोनच गेले. एक एका हाडांच्या डॉक्टरांनी घेतला.

दर ठरवताना कागद, शाई, एसी, यूपीएस, वाया गेलेले प्रिंट आणि दर सोमवारचा ए-फोर, सगळं धरा. फ्लेक्सच्या दराशी तुलना करणारा गिऱ्हाईक येणारच. "पलीकडं एवढ्यात सहा बाय चार मिळतो" म्हणेल. त्याच्याशी वाद घालू नका, त्याला फ्लेक्सच काढून द्या. ते मशीन माझ्याकडे आहेच आणि दुकानाचं भाडं अजून तेच भरतं.

११. घेण्याआधी एकदा या

पैसे भरण्याआधी आपला एक फोटो तीन वेगवेगळ्या मशीनवर, एकाच जातीच्या कागदावर काढून घ्या, मागं पेन्सिलनं मशीनचं नाव लिहा आणि महिनाभर घरात भिंतीला लावून ठेवा. ट्यूबलाइटमध्ये बघा, सकाळच्या उजेडात बघा, घरच्यांना विचारा. त्या तीनपैकी एक माझ्या मशीनवर काढायचा असेल तर खुशाल या. फाइल टिफमध्ये आणा, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली नको. कागदाचे पैसे घेईन, चहा फुकट. फक्त कोजागिरीच्या आधीचे दोन दिवस येऊ नका. रस्ता गाड्यांना बंद असतो आणि मीही दुकानात नसतो.